सोडून जाणारे ग्राहक

कॉल सेंटरमध्ये या आठवड्यात तिला वीज कंपनी बदलायला निघालेल्या ग्राहकांची मनधरणी करायचं काम होतं. शेवटच्या फोनवर नेमका नवराच निघाला. त्याने आवाज ओळखला नाही आणि कॉल रेकॉर्ड होत असल्यामुळे तिलाही सांगता येईना.

"सर, आमचं काही चुकलं का?"

"छे हो ताई, दुसरीकडे स्वस्त पडतंय, एवढंच. पण तुमचा घसा किती बसलाय! आधी घोटभर पाणी प्या. मी थांबतो."

ती पाणी प्यायली. मग त्याचा अर्ज पुढे पाठवला.

घरी येऊन ती खुर्चीत टेकली. तशाच बसक्या आवाजात म्हणाली, "जरा पाणी देतोस?"

"घे की उठून," तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "आणि हो, विजेची कंपनी बदलली आज. फोनवरची बाई बोलून बोलून पार थकली होती गं. वाईट वाटलं बिचारीचं."