फोटोचा फोटो

"ही भुतासारखी दिसतेय, एमिली मम्मी," ॲनिशा म्हणाली.

मग त्यात चुकीचं काय, हे एमिलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण लग्न चार दिवसांवर, आणि नवरी मुलगी सावत्र. तिने शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवायचं काम चालू ठेवलं.

लॅपटॉपवर ग्लोरिया होती. युजीनची पहिली बायको, ॲनिशाला दोन वर्षांची ठेवून वारलेली. बाप्तिस्म्याचा फोटो, चर्चच्या पायऱ्यांवरचा, कुशीत बाळ. चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन चौकोन.

"कोपरा धरून ओढ ना. मोठा कर."

"ओढून मोठा होतो गं, साफ नाही होत. हा फोटोचा फोटो आहे. शेजारच्या टिफनीने कधीतरी भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाइलने काढला, मग व्हॉट्सॲपवर दहा जणांनी फिरवला. आणि लग्नाच्या हॉलमधला पडदा केवढा मोठा! ओरिजिनलच पाहिजे. ती फ्रेम नक्की गेली कुठे?"

"सांगितलं ना, रंगकामात हरवली."

रंगकामाला चौदा वर्षं झाली होती. फ्रेम तेव्हा फुटली, हे खरं. फोटो मात्र एमिलीच्या ढोपराशी, मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली होता. फाडायचा धीर झाला नाही, परत लावायची इच्छा झाली नाही.

ॲनिशाने पुढची स्लाइड काढली. ही एमिलीची. ॲनिशाच्या पहिल्या कम्युनियनचा दिवस, स्टुडिओतला फोटो, साडीच्या काठावरचे बुट्टे मोजून घ्यावेत इतका स्वच्छ. खाली लिहिलं होतं, 'एमिली मम्मी'. त्या चौकोनांच्या खाली होतं नुसतं 'मम्मी'.

"जाऊ दे," ॲनिशा म्हणाली. "अशी दाखवण्यापेक्षा नकोच." तिने एक बटण दाबलं.

ग्लोरिया गेली. एमिली पहिल्या नंबरावर आली.

एमिलीने चष्म्यावरून स्वतःकडे पाहिलं. शेजारी नऊ वर्षांची पोर, पांढरा फ्रॉक, डोक्यावर मुकुट, हातात मेणबत्ती. त्याच्या आधी काहीच नाही. जशी काही ती नऊ वर्षांची होऊनच जन्माला आली होती.

एमिलीने खण ओढला.

"खिडकीपाशी ठेवून काढ. फ्लॅश नको, चकाकेल. आणि व्हॉट्सॲपवरून नको घेऊस, वायर लावून घे."

ॲनिशाने फोटो पाहिला, मग खण पाहिला, मग एमिलीला. कुठे होता, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पाच मिनिटांनी ग्लोरिया परत आली, आणि या वेळी पूर्ण आली. डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. लिपस्टिक एका बाजूला ओठाबाहेर गेलेली. ड्रेसचं वरचं बटण तुटलेलं, तिथे सेफ्टी पिन. एमिली या घरात आल्यापासून नऊ वर्षं ती भिंतीवर उंच, काचेआड हसत होती, तेव्हा यातलं काहीच दिसलं नव्हतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी सेफ्टी पिन! एक बटण लावायला असा कितीसा वेळ लागतो? एमिलीची बोटं आपोआप सुईकडे गेली.

"ही तर पोर होती गं. तुझ्याहून लहान."

"चोवीस," ॲनिशा म्हणाली.

तेवढ्यात युजीन वाडीतून आत आला. केळींना पाणी सोडून आला होता, कोपरापर्यंत चिखल. "चहा ठेव गं," म्हणता म्हणता त्याचं लक्ष लॅपटॉपकडे गेलं, आणि तो तिथेच थांबला. डोळे बारीक केले. एक पाऊल पुढे आला.

"माझा चष्मा कुठाय?" त्याने विचारलं. मान वळवली नाही.

चष्मा नेहमीप्रमाणे मशीनवर विसरलेला होता. त्याने हात पुढे केला.

"मातीच्या हातांनी नको," एमिली म्हणाली.

तिने गाऊनच्या टोकाने एक काच पुसली. दुसरी पुसली. पहिली पुन्हा पुसली. मग स्वतःच तो त्याच्या डोळ्यांवर चढवला, आणि जरा बाजूला सरून त्याच्याकडे पाहत राहिली.

दोन्ही काचांत ग्लोरिया उमटली होती. एवढीशी, पण अगदी साफ.