टॉमी धरायला

मानपाड्यातलं वडिलांचं घर रिकामं करून मुकुलने कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि तो खाली त्यांच्या जुन्या फियाटपाशी आला. इंजिन चालू करताच फॅनबेल्ट किंचाळला. ढिला पडला होता.

तो ताणायचा म्हणजे एकाने टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून डायनॅमो बाहेर रेटून धरायचा आणि दुसऱ्याने बोल्ट कसायचा. वडील दर खेपेला खालून हाक मारायचे. मुकुल खिडकीतून ‘आलो’ म्हणायचा आणि पुन्हा कॉटवर लोळायचा. शेवटी टॉमी पोटाशी दाबून ते बिचारे एकटेच बोल्ट कसायचे.

मुकुलनेही तसंच करून पाहिलं. तीनदा टॉमी निसटली, बोटं सोलवटली. वर कोणी नाही हे माहीत असूनही वैतागून तो वडिलांसारखाच ओरडला, "अरे, जरा टॉमी धरायला ये रे!"

बंद खिडकीआडून लगेच उत्तर आलं.

"आलो बाबा! पाच मिनिटं!"

आवाज ओळखायला वेळ लागला नाही. वीस वर्षांपूर्वीचा, त्याचा स्वतःचाच होता.

मुकुल खिडकीकडे बघत राहिला. मग त्याने टॉमी पुन्हा पोटाशी दाबली आणि पाना उचलला.

तो काही खाली येणार नव्हता.