पुरणपोळीचा बेत

"अर्धी तरी खा. एका दिवसानं काय होतंय?" सुलोचनाबाई स्वयंपाकघरात कुजबुजल्या.

"आई, मला अर्ध्या पोळीनंही त्रास होतो," रश्मी म्हणाली.

गहू पोटात गेला की ती चार-चार दिवस आडवी व्हायची. कॉलेजात असतानाच निदान झालं होतं. आता मस्कतच्या रुवी भागातल्या ऑफिसात ती ज्वारीच्या भाकरीचा डबा नेई, आणि कुणाच्या वाढदिवसाचा केक पुढे आला की दात दुखतोय म्हणे. ते जमत होतं.

पण मागच्या स्थळाला खरं सांगितलं, आणि त्यांचा फोन पुन्हा आलाच नाही. मस्कतमध्ये आपल्या समाजाची घरं मोजकी. बातमी फिरली की संपलं. म्हणून मुलगी सगळं खाते हे दिसावं यासाठी आईनं या वेळी मुद्दाम पुरणपोळीचा बेत केला होता.

शहरातल्याच वादी अदाई भागातून अनुप आणि त्याची आई वसुंधराबाई आले होते. मुलगा इंजिनिअर, अबोल. व्हॉट्सॲपवरच्या फोटोपेक्षा जरा बारीक.

ताटं वाढली. रश्मीनं भात कालवायला घेतला.

"पोळी नाही घेतलीस?" वसुंधराबाईंनी विचारलं. "डाएट वगैरे आहे का?"

"छे हो, सगळं खाते ती," म्हणत आईनं पोळी वाढली, वर तूप.

रश्मीनं बाबांकडे पाहिलं. भीमराव आमटीच्या वाटीत बघत राहिले. तिनं घास मोडला.

समोर अनुप मान खाली घालून भराभर खात होता. "याला पुरणपोळी म्हणजे जीव की प्राण," वसुंधराबाई म्हणाल्या. "अजून एक वाढा." त्यानं तीही संपवली.

रश्मीला हेवा वाटला. मग भीती. एवढं बिनधास्त खाणाऱ्याला आपलं दुखणं काय कळणार? लग्नानंतर रोज असंच गिळायचं आणि लपवायचं.

जेवणं झाली. अनुप हात धुवायला आत गेला. "आम्हाला मुलगी पसंत आहे," वसुंधराबाई म्हणाल्या, तेव्हा आईचे डोळे भरून आले. पाणी आणते म्हणून रश्मी उठली ती थेट बाथरूमकडे गेली. घशात बोटं घालून निघेल तेवढं काढायचं होतं.

दार आतून बंद होतं. नळ जोरात वाहत होता. ती दाराशीच थांबली.

दार उघडलं. अनुप बाहेर आला. डोळे लाल, बोटं निथळत असलेली. तिला पाहून तो दचकला.

"प्लीज, तुमच्या घरी सांगू नका," तो हळूच म्हणाला. "मला गहू चालत नाही."