खाजाचा बोळ

अनिसाच्या दारापाशी बोळ संपायचा, म्हणून तिच्या सायकलवाल्या नवऱ्याच्या नावानं सगळं गाव त्याला ‘खाजाचा बोळ’ म्हणायचं. खाजा गेल्यावर वर्षानं पंचायतीचा शिपाई बारामतीहून रंगवून आणलेली निळी पाटी घेऊन आला: ‘खाजाभाई मुलाणी मार्ग’. बोळाचा मार्ग झाला, या कौतुकानं अनिसाला भरून आलं. तिनं पाटी पदरानं पुसली, त्याला चहा दिला. मग त्यानं घरांवर नंबरचे पत्रे ठोकले: डावीकडं रमाकांतरावांच्या दारावर सतरा, उजवीकडं श्यामलाच्या अठरा. हातोडी पिशवीत टाकून तो निघाला. “आरं, आमचा नंबर?” तिनं हसत विचारलं. शिपायानं मान खाली घातली. “चाची, बोळ तुमच्या दारात संपायचा. मार्ग हायवेला जातोय. रस्त्याला नंबर आसतो व्हय?” अनिसा वळली. पुढच्या दारातून चूल, मागचं दार आणि पलीकडं हायवेवरचे ट्रक एका रेषेत दिसत होते.