हजर व सहमत

१९७८ साली आमच्या पंपांच्या कारखान्यात संचालकांच्या बैठकीचं इतिवृत्त आदल्या दिवशीच टाइप व्हायचं. मी कंपनी कारभारावर डॉक्टरेट घेऊन आले आणि त्यावरच बोट ठेवलं, म्हणून अध्यक्ष काकांनी मला संचालक मंडळातून काढायचा ठराव आणला. कागदावर बाबा 'हजर व सहमत' होते. खुर्ची मात्र रिकामी. "दादा घरी सही करेल. तू चहा पी, पंडितबाई!" काका हसले. मी सगळ्यांच्या सह्या होऊ दिल्या. मग हॉस्पिटलचा दाखला पुढे सरकवला. बाबा कालपासून बेशुद्ध होते, हे मी कुणालाच कळवलं नव्हतं. काकांचं पेन उघडंच राहिलं. खोट्या इतिवृत्तापायी काकांना पायउतार व्हावं लागलं, अध्यक्षपद माझ्याकडे आलं, बाबा बरे झाले, पुढे कायदा सुधारणा समितीत मी आगाऊ इतिवृत्ताला दंड सुचवला. काका वारले तेव्हा चुलतभावाचा फोन आला, "ताई, येतेस ना?" म्हटलं, "मी हजर होते, असं आत्ताच लिहून टाक."