दोनशे चोवीसचा कॅम

"बाबा, गाडीचं वजन माझ्यासकट धरायचं की माझ्याशिवाय?"

"तुझ्यासकट. तुझ्याशिवाय गाडी काय एकटीच शर्यतीला जाणार आहे?" मिस्त्री म्हणाला आणि डाव्या हाताने गॅस बंद केला. दूध तापायचं राहिलं तर राहू दे. लेकीचा फोन चार महिन्यांनी आला होता.

ती तिच्या शहरात सुट्या भागांच्या दुकानात काउंटरपाशी उभी होती. गाडीचा कॅमशाफ्ट झिजला होता आणि नवा कुठला द्यायचा, असं दुकानदार विचारत होता. आठवडाभर ऑफिसला जायचं आणि रविवारी सरळ पट्टीवर पाव मैलाची शर्यत मारायची; दोन्हीला गाडी तीच. चालवण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती, पण इंजिनच्या पोटातलं काही निघालं की तिला बाबा लागायचे. तेवढ्यापुरते तरी लागायचे, यातच मिस्त्री समाधान मानायचा.

उत्तर त्याला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. दोनशे चोवीस डिग्री. कॅम वाल्व किती वेळ उघडे ठेवतो, त्याचा हा आकडा. लहान घेतला तर शर्यतीत गाडीचा दम निघत नाही. मोठा घेतला तर गाडी वेगात उधळते, पण सिग्नलला खोकत उभी राहते. चाळीस वर्षं इंजिनं खोलून बसवलेल्या माणसाला यात डोकं खाजवण्यासारखं काही नव्हतं. पण उत्तर दिलं की फोन संपणार होता.

म्हणून त्याने गिअर कुठले आहेत ते विचारलं. मग टायरची उंची विचारली. मग वाटेत सिग्नल किती लागतात तेही विचारलं.

"नऊ. नाही, दहा. शाळेपाशी नवीन बसवलाय एक."

"आणि घरातून निघतेस किती वाजता?"

"बाबा, हे कॅमसाठी लागतं?"

"लागतं. गर्दीत इंजिन किती तापतं ते नको कळायला? जेवतेस कधी?"

ती हसली. मिस्त्रीला इतकं बरं वाटलं की तो खुर्ची ओढून नीट बसला.

"दुकानदार खोळंबलाय हो," ती म्हणाली. "तो म्हणतो दोनशे चव्वेचाळीस न्या, सगळे रेसवाले तोच नेतात. नेऊ का?"

अति तिथे माती, हे मिस्त्रीचं ठरलेलं उत्तर होतं. हौशी पोरं मोठा कॅम मागत यायची आणि हे ऐकून परत जायची. आताही ते शब्द जिभेवर आले होते. पण मनात भलताच हिशेब सुरू झाला. मोठा कॅम बसला की आठवड्याभरात गाडी थांबल्याजागी बंद पडायला लागेल. म्हणजे एक फोन. मग कार्बोरेटर जुळवायचा. ती फोन इंजिनपाशी धरेल आणि तो ऐकून सांगेल, म्हणजे निदान तीन फोन. मग वाल्वच्या स्प्रिंगा. कोण जाणे, बाबा, दोन दिवस येऊनच जा, असंही म्हणेल. बॅगेत कुठले पाने टाकायचे, इथपर्यंत त्याची मजल गेली.

"ने," तो म्हणाला. "दोनशे चव्वेचाळीसच ने."

"नक्की? मला जरा मोठा वाटत होता. पण तुम्ही म्हणताय म्हटल्यावर प्रश्नच मिटला." तिने तोंड फिरवलं तरी तिचा आवाज त्याला ऐकू आला. "तोच द्या. बाबा हो म्हणाले."

हिशेब अजून चालूच होता. कार्बोरेटर झाला, स्प्रिंगा झाल्या, आता ब्रेक. मोठा कॅम टाकला की गाडी हळू चालताना इंजिनची हवा ओढायची ताकद कमी होते, आणि ब्रेकचा पेडल हलका राहतो तो त्याच ओढीवर. ती गेली की पेडल दगडासारखा होतो. पायाने दाबावा आणि गाडी थांबू नये. वाटेत दहा सिग्नल. त्याचाही फोन येईल, पण तो तीच करेल असं काही नव्हतं.

मिस्त्री खुर्चीतून उठला.

"थांब. परत दे तो."

"बाबा, बिल करतोय तो."

"करू दे. दोनशे चोवीसचा माग. माझं चुकलं."

"तुमचं? चुकलं?"

"वय झालं आता."

मिस्त्रीने आयुष्यात गिऱ्हाइकाला फसवलं नव्हतं, आणि पोटच्या पोरीच्या बाबतीत त्याची बुद्धी फिरली होती. त्याला स्वतःची लाज वाटली. पलीकडे खोकी सरकवल्याचा आवाज आला. मोठ्याला नाहीतरी कार्बोरेटर, स्प्रिंगा सगळं जुळवावं लागतं, असं काहीतरी दुकानदार पुटपुटला.

"घेतला," ती म्हणाली. "हा बसवला की मागे काही कटकट नाही ना लागणार? कार्बोरेटर, स्प्रिंगा?"

"काही नाही. दहा वर्षं बॉनेट उघडायला नको."

"मग छानच झालं. सारखा फोन करून तुम्हाला त्रास द्यायला नको."

इंजिनाचं काही विचारलं असतं तर तो तासभर बोलला असता.

"नको," मिस्त्री म्हणाला, आणि तिने फोन ठेवला.