चार दिवसांचं विमान

“झाडू खाली ठेव! सलिल अजून पोचला नाही.”

कुसुमताई सोफ्यावरूनच गरजल्या. मुक्ताई वाकलेली तशीच थांबली. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. वाशिमला तिची आई तेच पाळायची. पण आज चौथा दिवस! सदाशिव पेठेतल्या या फ्लॅटमध्ये चालताना पायाला धूळ लागत होती, आणि आजींचा मुलगा बायको-पोरीसह म्हणे अजून हवेतच.

पहिल्या दिवशी आजींनी सांगितलं, ऑकलंड बारा हजार किलोमीटरच्या वर आहे, मधे सिंगापूरला थांबावं लागतं. मुक्ताईला पटलं. दुसऱ्या दिवशी सिंगापुरात वादळ आलं. तिसऱ्या दिवशी विमान सिडनीला वळवलं. आजी तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्यापुढे सातवी नापास मुक्ताई काय बोलणार? पण काल तिने दुसऱ्या कामावरच्या नम्रताताईंना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, “ऑकलंड? मुंबईहून वीस-बावीस तास. फार तर चोवीस.”

तेव्हापासून मुक्ताईच्या मनात नको ते येत होतं. विमान पडलं तर नसेल? आजींना कळलंय आणि त्या मानायलाच तयार नाहीत, असं तर नसेल? आजोबा जाऊन सहा वर्षं झालेली. जीभ अशी तिखट की शेजारीही दारावरूनच परत जातात. आजींना कोण सावरणार, देवा! शेवटी तिने धीर केला.

“आजी, चार दिवस कोणतं विमान उडत राहते? खरं सांगा, काही वाईट तर नाही झालं न?”

“तू भांडी घास. विमानाचं मी बघते.”

तेवढ्यात आजींचा मोबाइल वाजला. ऐकू कमी येतं, म्हणून तो कायम स्पीकरवर.

“आई, आज जेवलीस की परत चहा-खारीच?” सलिलचा आवाज खणखणीत आला. “पोचल्यापासून रोज विचारतोय, रोज टाळतेस. ऋचा काल शाळेत पेंगली, आज जरा रुळली. ठेवतो, उद्या करतो.”

मुक्ताईचा जीव भांड्यात पडला आणि लगोलग डोकं तापलं. आपण देवाला साकडं घालतोय आणि ही म्हातारी खुशाल थापा मारतेय! तिने झाडू उचलला आणि तणतणत सोफ्याखाली घालायला गेली.

“नको गं!”

हा आवाज भूगोलाच्या बाईंचा नव्हता. मुक्ताईने खाली वाकून पाहिलं. सोफ्याखाली चुरमुऱ्यांची लांबच लांब रांग होती, एकापुढे एक नीट मांडलेली. मधे मधे तुटली होती. मुंग्या लागल्या होत्या.

“ऋचाने केलाय,” कुसुमताई म्हणाल्या. “निघायच्या दिवशी. म्हणाली, आजी, हा आमच्या घरी यायचा रस्ता. मोडू नकोस.” त्यांना पुढे बोलवेना. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मुक्ताईने झाडू दाराआड उभा केला.

“मी झाडलं तर एका झटक्यात जाईल सगळं, आजी,” ती म्हणाली. “मुंग्या नेऊन राहिल्या. नेऊ द्या त्यांना, सावकाश.”